कोरहाच्या वंशाचे दार

एफ्राइमच्या डोंगरात शिलो नावाचे गाव होते. इस्राएल लोकांचे देवस्थान तिथे होते, आणि त्याच्या दाराबाहेर जैतुनाच्या झाडाखाली संत यदाया राहत. त्यांची बोली निराळी, देश निराळा. पण भक्तहो, संत ते संतच. आपण त्यांना आपले महाराजच म्हणू.

देवस्थानाचे दार राखण्याची सेवा अक्कूबकडे वाडवडिलांपासून चालत आली होती. पहाटे दार उघडायचे, सुतकी-विटाळशी माणसाला थांबवायचे, रात्री उंबऱ्याशी पडून राहायचे. पण घराण्याला डाग होता. मूळपुरुष कोरह याजकपणाच्या, म्हणजे देवाच्या पुजारीपणाच्या, हव्यासाने बंड करून उठला, तेव्हा धरणी दुभंगली आणि त्याला घेऊन गेली. मुले तेवढी वाचली, आणि देवाची दया पाहा, त्याच मुलांच्या वंशाला दाराची सेवा मिळाली!

याजक मल्कीया मात्र अक्कूबला येता-जाता 'धरणीचे उष्टे' म्हणून हिणवी. अक्कूब मान खाली घालून ऐकून घेई.

कापणीचा सण आला. आदल्याच दिवशी मल्कीया सासऱ्याच्या प्रेताला खांदा देऊन आला होता. शास्त्राप्रमाणे त्याने आठवडाभर बाहेर राहायचे. पण सणाचा मान दुसऱ्याला कोण जाऊ देतो? तो सरळ दाराशी आला. अक्कूबने हात आडवा केला. मल्कीया संतापला. आजच्या आज ही सेवा काढून घेतो, तुझी पोरे लोकांची मेंढरे राखतील, असे त्याने चारचौघांत बजावले. अक्कूबने झाडाखालच्या महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "अक्कूबा, दार देवाचे. तू फक्त राख."

अक्कूब हलला नाही. मल्कीयाने त्याला ढकलले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. तोच जमीन थरारली, उंबरा फाटला आणि मल्कीया छातीपर्यंत आत गेला. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. अक्कूबनेही पळावे, असे भय त्याच्या रक्तातच होते. पण तो पालथा पडला आणि त्याने मल्कीयाची मनगटे धरली. माती ओढत होती, हात सुटू लागले. त्याने महाराजांना हाक मारली.

महाराजांनी आकाशाकडे हात जोडले. "देवा, या अक्कूबच्या घराण्यातला एक तू घेतलास, याने तो न्याय मानला. आज याच्या हातातला घेऊ नकोस."

काय ती करुणा! धरणी मिटली, आणि मल्कीया बाहेर पडला, उंबऱ्याच्या अलीकडे.

तो उठून वेशीबाहेर गेला. सण त्याच्यावाचून पार पडला.

सुतक फिटल्यावर तो अंघोळ करून, शुभ्र वस्त्रे नेसून आला. दार सताड उघडे होते, तरी तो बाहेरच थांबला.

"अक्कूबदादा, आत येऊ का?"

"या याजकबुवा," अक्कूब म्हणाला.

मल्कीया लगेच आत गेला नाही. जमिनीला कपाळ टेकवून त्याने आधी अक्कूबला नमस्कार केला.