अनसेच्या विरजणाची कहाणी

ऐक, अन्नपूर्णामाई, तुझी कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा आणि कुजबुज पुरे करा. माई ऐकते आहे, आपणही ऐकावं.

नगर होतं, आटपाट होतं. नगरात गवळीवाडा होता. तिथं एका गवळ्याची सून होती, तिचं नाव अनसा. तिची एकुलती लेक तापानं फणफणली. वैद्य झाले, अंगारे झाले, ताप उतरेना. मग अनसा माईला म्हणाली, "माझी लेक उठू दे. येत्या श्रावणात तुझा वसा वसेन." लेक उठली, अंगणभर खेळू लागली.

वसा कसा? शुक्रवारी दिवेलागणीला दूध विरजावं. माईपुढं ठेवावं, हात जोडावे, मनापासून आभार मानावे. सकाळी लागलेलं दही लेकीबाळींना वाटावं. सोपा वाटतो ना? ऐका पुढं.

श्रावण आला. मिठाचे बैल घेऊन एक व्यापारी नगरात आला. पाणवठ्यावर बायांनी विचारलं, "काय दादा, काय खबर?" तो म्हणाला, "काय सांगू? समुद्राकाठचं नगर पाण्यानं नेलं. घरं गेली, गुरं गेली, आयांच्या कडेवरची पोरं गेली." बाया हळहळल्या. एक म्हणाली, "त्यांचं काही चुकलं असेल." दुसरी म्हणाली, "आपल्यावर देवाची कृपा." आणि घागरी उचलून सगळ्या घरी गेल्या. अनसेची घागर काही उचलेना.

पहिला शुक्रवार आला. अनसेनं दूध विरजलं, हात जोडले. "माये, माझी लेक राखलीस," एवढं म्हणाली आणि घशात अडकलं. माझी राखली, तर समुद्राकाठच्या आयांची का नाही? त्यांनी हात जोडले नसतील का? सकाळी बघते तर दुधाचं दूधच.

दुसरा शुक्रवार आला. सासू म्हणाली, "हात जोडायलाही तुला मुहूर्त लागतो का? म्हण मोठ्यानं." अनसा मोठ्यानं म्हणाली. मनात नव्हतं, नुसतं तोंडानं म्हणाली. सकाळी बघते तर दूध फाटलं.

तिसरा शुक्रवार आला. अनसेनं देव्हाऱ्यातल्या माईचं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, "आधी त्यांचं बघ, मग माझ्याकडून आभार घे." हात जोडलेच नाहीत. सकाळी बघते तर दूध नासलं. घरातलं विरजण संपलं. आणि लेकीचं अंग पुन्हा तापलं.

शेवटचा शुक्रवार उजाडला. लेक डोळे उघडेना. वसा मोडला तर लेक जाईल, हे अनसेला कळत होतं. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. मळकं लुगडं, हातात दुधाचा लोटा. म्हणाली, "बाई, थोडं विरजण देतेस? समुद्राकाठची मी. धर्मशाळेत उतरलोय. कुणी दूध दिलंय, पोरांना उद्या दही होईल."

अनसेला रडू फुटलं. म्हणाली, "गवळ्याचं घर, पण विरजण नाही. तुमच्यावर असं आलं, म्हणून मी माईवर रुसले. कोणत्या तोंडानं आभार मानू?"

बाई उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "तू रुसलीस, त्यानं आमच्यातलं कोण जेवलं गं? मीही भांडते तिच्याशी. रोज भांडते. पण दूध मिळालं तर मिळालं म्हणते. तू 'मला राखलंस' म्हणतेस, त्यात मी दाराबाहेर राहते. म्हणून तुझ्या घशात अडकतं. मला आत घे, मग म्हणून बघ."

अनसेनं लेक उचलली आणि त्या बाईच्या मांडीवर दिली. मग वाटी घेऊन निघाली. सासू आडवी आली. "गवळ्याच्या घरानं विरजण मागायचं? आपल्यात अशी रीत नाही." अनसा म्हणाली, "आत्याबाई, आजपासून आहे."

पहिल्या दारी गेली, लोक हसले. दुसऱ्या दारी गेली, उरलं नव्हतं. तिसऱ्या दारी चमचाभर मिळालं. मग अर्धं बाईच्या लोट्यात घातलं, अर्धं आपल्या दुधाच्या गाडग्यात घातलं. माईचं तोंड घराकडे वळवलं, दोन्ही भांडी पुढं ठेवली. सासू म्हणाली, "एवढ्याशानं एकही लागायचं नाही." अनसेनं हात जोडले, पण शब्द आले नाहीत. बाईला जेवू घातलं, आपल्याजवळ निजवलं.

सकाळ झाली. झाकण काढते तर लोटाही लागला, गाडगंही लागलं. अनसेनं त्या बाईचे पाय धरले. "तूच माझी माई."

बाईनं पाय मागं घेतले. म्हणाली, "माई असते तर माझ्या तान्ह्याला हातातून सुटू दिलं असतं का?"

अनसेनं भात आणून तिच्यापुढं ठेवला. बाईनं दहीभात कालवला, मऊ केला, अनसेच्या लेकीला भरवला. लेकीनं घास गिळला, डोळे उघडले. बाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, निवली तुझी लेक." म्हणताना ती हसली, आणि तिचे डोळे वाहू लागले.

अनसेनं तिला पोटाशी धरलं. मग घसा मोकळा झाला. म्हणाली, "माये, दिलंस गं. हिलाही दे."

सासूनं डोळ्यांना पदर लावला, दह्याचं गाडगं डोक्यावर घेतलं आणि पुढं होऊन धर्मशाळेची वाट धरली. वशाचं उद्यापन तिथं झालं.

समुद्राकाठचं नगर पुन्हा वसलं का, ते कहाणीला ठाऊक नाही. माईनं असं का केलं, तेही ठाऊक नाही. अनसेला जसे मनापासून हात जोडता आले, तसे तुम्हांआम्हांला येवोत. जिथं चूल पेटली नाही तिथं पेटो. बहुतां दुःखांची कहाणी, थोडक्या बोलांची कहाणी, इथं भरल्या ओंजळीनं सुफळ झाली.