हात पोचेल एवढं

“मग यात चूक काय, ते तरी सांगा, महाराज.”

निशिकांत देवळाणकरांनी मठाच्या सभामंडपात नकाशा अंथरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर टाळ ठेवले होते.

इंदवली गाव नव्या धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. त्याच्या बदली माळावर वसणाऱ्या नव्या शहराचा हा आराखडा. उद्या कचेरीत सही झाली की दगड रोवले जाणार, मग बदल नाही.

निशिकांत लहानपणी याच मठात शिकले. आता मोठे नगररचनाकार. खरं तर ते आशीर्वाद घ्यायला आले होते. पण त्यांच्या आधीच सोजरबाई येऊन खांबाला टेकून बसल्या होत्या. इंदवलीत त्यांची पिठाची गिरणी घराच्या पडवीतच होती.

“पिवळी ती घरं,” निशिकांत म्हणाले. “निळा तो बाजार. जांभळे ते कारखाने आणि गिरण्या. हिरवी ती बाग. कशात काही मिसळलेलं नाही.”

“आणि माझी गिरणी?” सोजरबाईंनी विचारलं.

“जांभळ्यात. रुंद रस्ता आहे तिथपर्यंत.”

“म्हणजे बायकांनी दळण घेऊन एसटीनं यायचं?”

“बाई, घरात पीठ उडणार नाही. दिवसभर घरघर नाही. तुमच्याच भल्याचं आहे.”

“घरघर थांबली की आमच्या सासूबाईंची झोप उडते. त्यांनाही जांभळ्यात ठेवा.”

महाराज नकाशाकडे बघत होते. हसले नाहीत.

निशिकांतना ते लागलं. “महाराज, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. पान कसं वाढायचं? मीठ वर, मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. चटणी उजवीकडे वाढली म्हणून तुम्ही मला भर पंगतीतून हाकललं होतं.”

“हाकललं होतं.”

“तेच मी शहरात केलंय. ज्याची त्याला जागा.”

महाराजांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं.

“बोला ना, महाराज.”

“जेवायची वेळ झाली,” महाराज म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मी मठातला शिष्य; त्या दिवशी वाढणं माझ्याकडे होतं. “निशिकांताचं पान वाढ. त्याच्या आराखड्याप्रमाणे.”

मी समजलो नाही. मग त्यांनी एकेक जागा बोटाने दाखवली. भात सभामंडपात. वरण विहिरीच्या काठावर. भाजी गोठ्याजवळच्या ओट्यावर. चटणी आणि कोशिंबीर धर्मशाळेत. मीठ दीपमाळेखाली.

“आणि इथलं तिथे न्यायचं नाही,” महाराज म्हणाले. “मिसळता कामा नये.”

निशिकांत भातासमोर बसले. एक घास घेतला. दुसरा घशात अडकला.

“वरण...”

“रुंद रस्ता आहे तिथपर्यंत,” सोजरबाई म्हणाल्या.

ते तडक उठले. मुठीत भात घेऊनच विहिरीकडे निघाले. भर उन्हाचं अंगण. बोटांतून शितं गळत होती आणि मठाची कुत्री ती टिपत मागे चालली होती.

“न्यायचं नाही म्हटलंय!” सोजरबाई ओरडल्या.

अंगणाच्या मध्यावर निशिकांत थांबले. मुठीकडे पाहिलं. विहिरीकडे पाहिलं. मागे वळून नुसत्या भाताच्या पानाकडे पाहिलं.



“महाराज, पान एकच असतं.”

“केवढं?”

निशिकांतनी उष्टा हात पुढे लांबवला. जिथवर गेला, तिथवर नजर नेली.

“हात पोचेल एवढं.”

“ये. जेवून घे,” महाराज म्हणाले.

मी सगळं उचलून एका पानावर वाढलं. निशिकांत जेवले. तीनदा वरण घेतलं. हात धुऊन नकाशावरचे टाळ त्यांनी एकेक करून उचलले. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

दुसऱ्या दिवशी ते सही न घेता परतले. कचेरीत लोक त्यांना वेडा म्हणाले. ते पुन्हा पहिल्या रेघेपासून बसले.

नवी इंदवली उभी राहिली. वर्धापनाच्या दिवशी निशिकांत महाराजांना न्यायला आले, तेव्हा मीही बरोबर गेलो.

घरांखाली दुकानं होती. शिंप्याच्या दारासमोर शाळा. तांबट आळीत ठोके दणाणत होते. शाळेची घंटा झाली आणि सगळे एकदम थांबले. तो नियम नकाशात नव्हता. तांबटांनीच ठरवला होता. सोजरबाईंच्या पडवीत गिरणी घरघरत होती आणि बायका डबे घेऊन पायीच येत होत्या. गिरणीशेजारच्या खाटेवर सासूबाई गाढ झोपल्या होत्या.

चौकात ताशा वाजू लागला. लोकांनी निशिकांतना खांद्यावर घेतलं, गुलालाने माखलं. सोजरबाईंनी पेढा भरवला. “हा मात्र जागच्या जागी मिळाला हो!”

खाली उतरून निशिकांतनी महाराजांचे पाय धरले. डोळे भरले होते.

“महाराज, आता पान बरोबर वाढलंय?”

महाराज चौकाकडे बघत होते. तिथे एक बाई मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन ऐसपैस बसली होती. तिच्याशेजारी एक जण पोत्यावर चपला मांडत होता.

निशिकांतचं लक्ष गेलं. ते लगबगीने निघाले. “अहो ताई, इथे नको! ही जागा कारंज्याची आहे!”

महाराजांनी त्यांचं मनगट धरलं.

“निशिकांता, तुझं पोट भरलं ना?”

“भरलं, महाराज.”

“मग पानावरून ऊठ. पुढची पंगत उभी आहे.”