भुऱ्याला न सांगता निघालेला राजा

एका राज्यात गाई होत्या, म्हशी होत्या, पण दुधाचा थेंब नव्हता. काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाने राजघराण्याचा रत्नकलश पळवला आणि त्या दिवसापासून सगळी दुभती जनावरं आटली. तान्ही लेकरं पेजेवर राहिली. तेव्हा राजा धैर्यकेतू कलश आणायला निघाला.

त्या राज्यात घर सोडताना 'येतो' म्हणायची रीत होती. राजा प्रधानाला 'येतो' म्हणाला, हत्तीला म्हणाला, मुदपाकखान्यातल्या मांजरीलाही म्हणाला. राहिला फक्त भुरा कुत्रा. तो रडेल, आपला पाय निघणार नाही, म्हणून राजाने त्याच्यापुढे हाडूक टाकलं आणि मागच्या दाराने पळ काढला. जाता जाता थोरल्या बहिणीला, कमळजेला, एवढंच म्हणाला, "अक्का, भुऱ्याला सांभाळ. मी गेलो हे त्याला कळू देऊ नकोस."

कुत्र्याला न कळायला काय झालं! त्याने हाडूक तसंच टाकलं, दारं ओरबाडली, राजाच्या एका पायताणाच्या चावून चिंध्या केल्या. कमळजा न्हाणीघरात गेली तरी तो बाहेर गळा काढी.

कमळजा कारभारात कडक, बोलायला कमी. तिचा नवरा 'येतो' म्हणून लढाईला गेला होता, तो आलाच नाही. तेव्हापासून तो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता. उठायचं आणि न बोलता चालू लागायचं, अशी तिची सवय.

एके सकाळी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि म्हणाला, "कमळजादेवी, राजा गुडघ्यापर्यंत दगड झाला आहे."

"कशाने?"

"कलशावर शाप आहे. घरातल्या एका जरी जिवाला सांगायचं टाळून जो आला, तो कलशाला हात लावताच दगड होऊ लागतो."

कमळजेने भुऱ्याकडे पाहिलं. "उपाय?"

"राजाच्या वतीने तुम्ही निघा आणि परत या. तीन खेपा मिळतील, दर खेप आधीहून लांबची. कुत्रा रडला की दगड वर चढेल. शेवटच्या खेपेला तो निवांत राहिला, तर शाप सुटेल."

पहिली खेप परसातल्या विहिरीपर्यंत. कमळजेने भुऱ्याला पेजेऐवजी मटण वाढलं, दार लोटलं आणि चवड्यांवर चालत निघाली. ती विहिरीशी पोचायच्या आत भुऱ्याने मटण तसंच टाकून आकाश डोक्यावर घेतलं.

"दगड कमरेशी आला," भारद्वाज म्हणाला. "निघताना काय म्हणालात?"

"काही नाही."

"भावाची बहीण शोभता खऱ्या."

दुसरी खेप वेशीच्या देवळापर्यंत. या वेळी ती "येते" म्हणाली, पण भिंतीकडे बघून, कडू काढा गिळावा तशी. भुरा बराच वेळ गप्प बसला आणि मग रडला. ती परतली तेव्हा मात्र त्याने तिचे हात हुंगले, पाय हुंगले आणि पुन्हा हात हुंगले. दगड राजाच्या छातीशी थांबला होता.

तिसरी खेप नदीपलीकडची. कमळजा उंबऱ्यात आली आणि खाली बसली. राजघराण्यातली बाई जमिनीवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिने भुऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माझं माणूस असंच म्हणून गेलं होतं," ती म्हणाली, "आणि आलं नाही. म्हणून मला या शब्दाची भीती वाटते. तुझी भीतीही खोटी नाही, बाबा. पण मी येते."

ती नावेत बसली. पैलतीरावर पाय ठेवून तिने कान दिला. वाऱ्यावर रडणं आलं नाही. मग तिला निराळीच धास्ती वाटली, की उपाशी जीव, गप्प झाला तो कायमचा तर नाही ना? परतीच्या वाटेवर ती राजकन्येला न शोभेल अशी धावली.

भुरा उंबऱ्यात आडवा पडला होता. फाटक्या पायताणावर मान टाकून चक्क घोरत होता. कमळजा दाराला टेकली आणि रडली. नवऱ्याची बातमी आली त्या दिवशीही ती रडली नव्हती.

"दगड उतरला," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला.

राजा कलश घेऊन आला. गोठ्यांतून धारांचा आवाज घुमू लागला, लेकरांच्या ओठांवर दूध आलं. मांत्रिकाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. भुऱ्याने राजाला नखशिखांत हुंगलं, एकदा रागाने भुंकला आणि मग अंगावर उडी घेऊन त्याला चिखलात पाडलं.

तेव्हापासून राजा नदीवर आंघोळीला निघाला तरी पुढच्या दारानेच निघे आणि वाकून भुऱ्याच्या कानात 'येतो' म्हणे. कमळजाही म्हणे. भुरा एक डोळा उघडी, शेपटी आपटी आणि पुन्हा झोपे.

भुऱ्याला त्याचं माणूस भेटलं. उंबऱ्यात बसून वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्यांचं माणूस भेटो, आणि ज्यांचं यायचं नाही, त्यांच्या पायाशी एखादा भुरा असो.