धनेशाचं हळू गाणं

फार वर्षांपूर्वी घाटातल्या दाट रानात एक धनेश पक्षी राहायचा. तो गायला लागला की झाडांची पानं गळायची. सुतारपक्षी वाळक्या खोडावर चोचीने ठोके द्यायचा, धनेश गर्जायचा आणि वानरं फांद्या गदागदा हलवत नाचायची.

विणीच्या दिवसांत धनेशीण झाडाच्या ढोलीत जाऊन बसली. त्यांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलं आणि फक्त एक फट ठेवली. धनेश त्या फटीतून उंबरं भरवायचा.

पिल्लू जन्मलं, पण दोनच दिवसांत आतून रडवेला आवाज आला. "अहो, तुमची गर्जना ऐकली की पिल्लू थरथर कापतं. अजून चोच उघडलेली नाही त्याने. असंच चाललं तर जगायचं नाही हो ते!"

 लहानपणी धनेशाला रानातल्या शांततेची फार भीती वाटायची. म्हणून तर तो एवढ्या मोठ्याने गायला शिकला होता.

त्याने डोळे मिटले आणि हलकेच सूर धरला.

"काय रे, घसा बसला की काय?" सुतारपक्षी खिदळला. "असं कण्हत बसलास तर कोण ऐकणार तुला?"

एकेक वानर उठून गेलं. सुतारपक्षीही उडाला. चहूकडे शांतता पसरली. धनेशाला पळून जावंसं वाटलं, पण तो कापऱ्या आवाजात गातच राहिला.

बऱ्याच वेळाने फटीशी एक इवलीशी चोच आली. ती उघडी होती.