फौजदार आणि घोंगडी

एका गावात एक विणकर राहायचा. त्याच्या हातच्या घोंगड्या घट्ट विणीच्या असायच्या. पण बाजारात हाक मारायची म्हटली की त्याचा घसाच बसायचा. शेजारचा बोरंवाला ओरडून पाटी रिकामी करी आणि हा मान खाली घालून बसे.

"थंडी संपायच्या आत माल खपला नाही, तर माग मोडायचा आणि वीटभट्टीवर जायचं," असं नवरा-बायकोंनी ठरवून टाकलं होतं. ठरवलं, पण त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

तेवढ्यात गावात एक बहुरूपी आला. विणकराने धीर करून त्याला विचारलं, "माझ्यासाठी बाजारात सोंग काढाल? दोन वेळची भाकरी आणि शेवटी एक घोंगडी देईन."

"काका, अख्खा बाजार तुमच्यापुढं आणून बसवतो," बहुरूपी म्हणाला.

आणि त्याने बसवलाही. फौजदाराचं सोंग घेऊन त्याने एका म्हाताऱ्याला अडवलं. "लग्न कुणाच्या परवानगीनं केलंस?"

"बायकोच्या, साहेब."

"मग सुटलास. नाहीतर आतच टाकणार होतो."

लोक पोट धरून हसले. सकाळची जमीन दवाने ओली होती, म्हणून कुणीतरी ढिगातली एक घोंगडी ओढून अंथरली. मग दुसऱ्याने ओढली. विणकराला नको म्हणवेना. खेळ संपला, लोक उठले, कपडे झटकले आणि निघून गेले. एकही घोंगडी खपली नाही. पुढच्या बाजारीही तेच झालं.

दुसऱ्या दिवशी विणकराची बायको विहिरीवर गेली. बायका फौजदाराच्या नकला करत होत्या.

तिने विचारलं, "तिथं विकायला काय होतं गं?"

"विकायला? काही होतं का?" एकीने आठवून पाहिलं. "बसायला मात्र छान होतं. जरासुद्धा ओल लागली नाही."

घरी येऊन तिने जसंच्या तसं सांगितलं. बहुरूप्याच्या हातातला घास हातातच राहिला. "काका, उद्यापासून तुमची भाकरी मी खायची नाही. माझं सोंगच कमी पडलं."

"सोंग चांगलंच होतं," विणकर म्हणाला. "मीही हसलो. पण त्यात माझी घोंगडी कुठंच नव्हती."

"मग सांगा की, काय आहे तुमच्या घोंगडीत?"

असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विणकर बोलू लागला. लोकर कशी निवडायची, वीण किती घट्ट ठेवायची, चिंचोक्याची खळ कशी चढवायची, वरून पाणी पडलं तरी ते कसं ओघळून जातं. बायको ऐकतच राहिली. एवढं तर तो लग्नातही बोलला नव्हता.

तिसऱ्या बाजारी फौजदार पुन्हा आला. त्याने सगळ्यांसमोर फर्मान काढलं, "हा विणकर म्हणतो, याची घोंगडी भिजू देत नाही. खोटं निघालं तर यालाच आत टाकतो." मग घोंगडी दुमडून केलेली खोळ डोक्यावर घेऊन तो उकिडवा बसला. त्याच म्हाताऱ्याने हसत हसत घागरभर पाणी त्याच्यावर ओतलं. पाणी खाली ओघळून गेलं. खोळीतून फौजदार बाहेर आला तो मिशीसकट कोरडा.

"साहेब, तुमची अंघोळ राहिली की," म्हातारा म्हणाला, आणि बाजार हसला. पण या वेळी हसता हसता लोकांचे हात घोंगडीवर फिरत होते.

विहिरीवरची ती बाई पुढे आली. "फौजदाराला जिनं भिजू दिलं नाही, ती द्या."

विणकराने मान वर करून विचारलं, "शेतात न्यायला हवी, की पांघरायला?"

सांजेपर्यंत एकच घोंगडी उरली. ती त्याने बहुरूप्याच्या खांद्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तात्पर्य: नुसता खेळ आवडला, तर लोक खेळच आठवणीत ठेवतात. ज्या वस्तूसाठी हसवायचं तिचा गुण त्या हसण्यात दिसला, तरच ती वस्तू त्यांच्या घरी जाते.