कापलेल्या कल्पनांची वही

एकदा एक उद्योजक आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. गुरूंनी उभे आयुष्य लाकडी खेळणी घडवण्यात घालवले होते आणि या शिष्यालाही पटाशी धरायला त्यांनीच शिकवले होते. शिष्याने पुढे लाकूड सोडले आणि हातात मावणारे व्हिडिओ गेमचे यंत्र काढले. ते इतके चालले की सात वर्षांत घरोघरी पोचले. आजोबासुद्धा नातवाची पाळी कधी संपते याची वाट पाहत बसत.

"गुरुजी, दसऱ्याला नवं यंत्र आणायचं की नाही, ते आता ठरवायलाच हवं," शिष्य म्हणाला. "आमचं नवं तयार आहे. पण विक्रीवाले म्हणतात, जुनं हातोहात खपतंय, चालत्या गाडीला खीळ कशाला? घाई केली तर लोक म्हणतील, आमचं जुनं भंगारात काढलंत. उशीर केला तर दुसरा कोणी पुढे जाईल. चारशे घरांच्या चुली यावर पेटतात हो."

"आणि तुझं मन काय म्हणतं?"

"माझा जीव जुन्यात अडकलाय," शिष्य ओशाळून म्हणाला.

"अडकणारच! पहिलटकरीण पोराचं करत नसेल इतकं कौतुक करतोस त्याचं." गुरू मनापासून हसले. "बरं, खप राहू दे. तुझी गेम रचणारी माणसं जे काढून टाकतात, ते मला दाखव."

मागणी विचित्र होती. पण दाखवण्यासारखे काही होते खरे. यंत्रात मावत नाही म्हणून एखादी कल्पना कापावी लागली, तर सुचवणाऱ्याला वाईट वाटू नये, यासाठी ती त्याच्या नावासह एका वहीत लिहून ठेवायची, असा कंपनीचा पहिल्यापासूनचा रिवाज होता. शिष्याने वही मागवली.

पहिली पाने गच्च होती. 'जत्रेत पाचशे माणसं हवीत, बाराच मावली.' 'हत्ती चालताना धूळ उडावी.' 'पुरामुळे अख्खं गाव टेकडीवर हलवायचं.' पुढे नोंदी विरळ होत गेल्या. शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची होती; त्यापुढची पाने कोरी होती.

शिष्याचा चेहरा उजळला. "बघा! दीड वर्षात काहीच कापावं लागलं नाही. म्हणजे जुनं यंत्र पुरतंय."

गुरूंचे हसू मात्र मावळले. त्यांनी शिष्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अरे वेड्या, यंत्र काही मोठं झालं नाही. तुझ्या माणसांनी अंग चोरून बसायला सुरुवात केली. शहाणं मूल घरची ओढाताण ओळखून हट्ट करायचं सोडतं आणि आईला वाटतं, पोर गुणी झालं. जुनं खपतंय का, हे दुकानदार सांगेल. ते बदलायची वेळ झाली का, हे त्यात खेळ भरणाऱ्यांना विचारावं. वही भरून वाहत होती, तेव्हाच ही वेळ आली होती. मिळणार नाही हे कळलं की माणूस मागत नाही, आणि पुढे पुढे त्याला सुचतही नाही."

शिष्याने वहीची पाने मागे उलटली. वहीतली शेवटची नोंद एका ज्येष्ठ रचनाकार बाईंची होती. "या हल्ली बैठकीत गप्प असतात," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, पोक्त झाल्या."

"मग नवं आण. पण जुने गेम त्यात चालू देत. सून आली म्हणून सासूला कुणी घराबाहेर काढत नाही. आणि नुसता डबा आणू नकोस. त्यात भरायला काय आहे ते आधी बघ. दसरा की पाडवा, ते मग त्या बाईच सांगतील."

दुसऱ्या दिवशी शिष्याने बैठक बोलावली नाही. तो सरळ त्या बाईंच्या टेबलापाशी गेला.

"जागेची अडचणच नसती, तर तुम्ही काय केलं असतं?"

बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले.

"सर, खरंच विचारताय?"

"खरंच."

त्यांनी शेजारची खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"मग बसा. वेळ लागेल."