उत्तरेच्या रस्त्याचं मूळ

"मूळ रस्ता नेमका कुठून जात होता, भन्ते? तेवढं सांगा, की मी निघालोच."

भन्ते शीलवंस तेव्हा विहाराच्या चौकातली खडी दंताळ्याने सारखी करत होते. पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे, आणि एकेक पाऊल मागे सरकत. सरकता सरकता ते रत्नपालवर आदळले, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"लहानूचा पोरगा ना तू?"

"हो भन्ते. वंदामि."

"काखेत काय हाय?"

"बाबा."

भन्तेंनी दंताळे भिंतीला टेकवले आणि त्या पितळी कलशाला हात जोडले.

हे विहार इंग्लंडात, लंडनपासून ऐंशी मैलांवरच्या एका खेड्यात आहे. पूर्वी इथे घोडागाड्यांची सराय होती. लंडनहून स्कॉटलंडला जाणारा उत्तरेचा मोठा रस्ता तेव्हा या दारावरून जायचा. आता दारात एक निवांत गल्ली उरली आहे आणि रस्ता गावाबाहेरून मैलभर लांबून घोंघावत जातो.

रत्नपाल खोब्रागडे या रस्त्याचा मोठा जाणकार. जुन्या नकाशांच्या दप्तरात तीस वर्षे नोकरी केली, रस्त्यावर दोन जाडजूड पुस्तके लिहिली. कोणत्या शतकात रस्ता कोणत्या पुलावरून वळला, हे लोक त्याला विचारत. त्याने कुणाला विचारायची वेळ कधी आलीच नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी बाप गेला. जाताना एवढेच म्हणाला, "उत्तरेच्या रस्त्यावर ठेव मले. जागा भन्तेला विचार."

त्यात विचारायचे काय, असे रत्नपालला वाटले. बापाला सहीपुरती अक्षरे येत होती. त्याला रस्त्याचे काय ठाऊक? पण इच्छा मात्र रत्नपालने मनावर घेतली. बापाने उभ्या जन्मात दुसऱ्याने वापरून टाकलेले कोट घातले, दुसऱ्याच्या घरातल्या मागच्या खोलीत दिवस काढले. मेल्यावर तरी त्याला अस्सल काहीतरी मिळायला हवे. रस्त्याचा सगळ्यात जुना, मूळ तुकडा. तो सापडेपर्यंत घरी परतायचे नाही असे ठरवून तो लंडनहून पायी निघाला होता.

"किती दिवस झाले चालून राह्यला?" भन्तेंनी विचारले.

"नऊ."

"अन् जागा?"

"सतरा पाहिल्या. एकही खरी नाही. कुठे वरून घरं उठलीत, कुठे पूल नवा आहे."

"तुह्या बापानं मले विचारायले सांगितलं होतं."

"म्हणून तर आलो."

"नवव्या दिवशी!" भन्ते हसले. "काखेत कळसा अन् गावाले वळसा. म्हन ऐकली होती, पाह्यली आज."

रत्नपालचे कान तापले. चौसष्ट वर्षांच्या माणसाला असे बोलून घ्यायची सवय राहत नाही. त्याने पिशवीतून नकाशा काढला आणि खडीवरच पसरला.

"मी जागा जवळजवळ नक्की केली आहे, भन्ते. तुम्ही फक्त दाखवा. विहाराच्या मागे मेंढ्यांच्या कुरणात एक लांब उंचवटा आहे ना? तो रोमन लोकांनी बांधलेला रस्ता. सरळ, दोरी लावल्यासारखा. तेच मूळ."

"मंग हा दारातला?"

"हा फार नंतरचा. रोमन गेले, त्यांचा रस्ता खचला. गाडीवाल्यांना बाजाराची गावं हवी होती, म्हणून वाट इकडे सरकली. पुढे घोडागाड्या आल्या, सराया आल्या, नाके आले. मग रेल्वे आली आणि इथे गवत वाढलं. मोटारी आल्या तेव्हा सरकारने त्याला नंबर दिला. ए-वन."

"लय पाठ हाय तुले."

"आयुष्य घातलंय यात."

"रोमन लोकाईच्या आधी काय होतं?"

रत्नपाल थबकला. "पायवाट असेल. गुरं हाकणाऱ्यांची."

"त्याच्या आधी?"

"…हरणांची, कदाचित."

"मंग हरनाले विचार, बाप्पा. मले काऊन विचारतं?"

रत्नपालने नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना. दुसऱ्यांदा घातली.

"चेष्टा करा, भन्ते. पण मी जागा सापडल्याशिवाय जाणार नाही. पावसात राहीन, कुरणात राहीन."

"तसाच हाय. अगदी बापासारखा हट्टी." भन्तेंचा आवाज मवाळ झाला. "एक सांग. गावाबाहेरून जाते तो रस्ता? तो नाई पाह्यला?"

"ते बाह्यवळण? ते एकोणीसशे साठनंतरचं. गाव टाळायला काढलेली पळवाट. त्यात मूळ असं काहीच नाही."

"तुह्या पुस्तकात हाय का ते?"

"एक तळटीप आहे."

"तळटीप…" भन्ते म्हणाले.

मग त्यांनी चीवर सावरले, पायात बूट चढवले, भिंतीचे दंताळे उचलून खांद्यावर टाकले आणि चालू लागले. पंच्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा भिक्खू दंताळे घेऊन कुठे निघाला, हे विचारायची रत्नपालला हिंमत झाली नाही. तो कलश सांभाळत मागोमाग गेला.

कुरणाचे फाटक आले. रत्नपाल तिथे थांबला. भन्ते थांबले नाहीत.

मैलभर चालून ते बाह्यवळणाला लागले. चार पदरांवरून गाड्या सुसाट चालल्या होत्या. कडेला ट्रक थांबायला एक लांबट थांबा होता. तिथे चहाची एक गाडी उभी होती आणि दोन ड्रायव्हर कागदी कपांतून चहा पीत होते. वाऱ्यात डिझेलचा वास होता.

"इथं यंत्र येत नव्हतं," भन्ते म्हणाले. वाहनांच्या आवाजात त्यांना ओरडूनच बोलावे लागत होते. "मोठा रस्ता यंत्रानं केला. हा थांबा अन् सगळ्या कडा हातानं. मी फावड्यानं गरम डांबर टाको. तुहा बाप हे दंताळं ओढे."

"हे त्यांचं आहे?"

"मंग कोनाचं?"

रत्नपालला ठाऊक होते की बाप आणि भन्ते एकाच टोळीत कामाला होते. पण कुठल्या रस्त्यावर, हे त्याने कधी विचारले नव्हते. शाळेत असताना मुलांनी विचारले, तुझे वडील काय करतात? तो म्हणाला होता, सरकारी कचेरीत असतात. त्या संध्याकाळी बाप घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला डांबराचा वास येत होता आणि रत्नपालने खिडकी उघडली होती. बापाने ते पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून तो न्हाऊनच खोलीत येऊ लागला.

भन्तेंनी उत्तरेकडे पाठ केली. दंताळे पुढे टाकले, जवळ ओढले, एक पाऊल मागे गेले. पुन्हा टाकले, ओढले, मागे गेले. कडक, थंड रस्त्यावर दंताळ्याचे दात खरखरत होते. चहा पिणारे ड्रायव्हर आधी हसले, मग कप खाली ठेवून पाहू लागले.

वीसेक पावलांवर भन्ते थांबले. त्यांना धाप लागली होती.

"समजलं?"

"नाही, भन्ते."

"गरम डांबरावर पाय ठेवला तर तळवा भाजते, अन् रस्त्यात खड्डा राह्यते. केलेल्या कामावर पाय नाई द्यायचा. म्हनून मागं मागं."

"म्हणजे सगळा वेळ…"

"पाच वर्सं. रस्ता उत्तरेले गेला अन् लहानूनं उत्तर कधी पाह्यली नाई. पाठीमागं काय हाय, नदी हाय का टेकडी, त्याले ठाऊक नसे. पुढं फक्त केलेला रस्ता. मी तवा भन्ते नाई, काशा होतो. रोज मले म्हने, काशा, पाह्य कसा गुळगुळीत झाला. माह्या पोराची गाडी जाईल याच्यावरून."

रत्नपालला गाडी होती. गेली पस्तीस वर्षे होती. या बाह्यवळणावरून तो किती वेळा गेला असेल, त्याला आठवेना. हा थांबा त्याने एकदाही पाहिला नव्हता. भर रस्त्यात, दोन परक्या माणसांसमोर, तो रडला.

भन्तेंनी त्याला रडू दिले.

मग त्याने डोळे पुसले, बूट काढले, पिशवी खाली ठेवली. नकाशा उडून जाऊ नये म्हणून एरवी तो त्यावर दगड ठेवायचा. आज ठेवला नाही.

कलशाचे तोंड सोडून तो थांब्याच्या कडेला आला, जिथे डांबर संपते आणि गवत सुरू होते. सवयीने त्याने उत्तरेकडे तोंड केले. क्षणभर तसाच उभा राहिला… आणि वळला. पाठ उत्तरेला केली. वाकला. मुठीने रक्षा सोडत एक पाऊल मागे गेला. पुन्हा एक. तळव्यांना खडी टोचत होती. मागे काय आहे ते दिसत नव्हते, पण त्याने एकदाही मान वळवली नाही. त्याच्यापुढे राखाडी रेघ लांबत गेली.

शेवटची मूठ सोडून तो सरळ झाला, तोच हॉर्न वाजला.

एक अजस्र ट्रक रस्ता सोडून थांब्यात शिरत होता. त्याची चाके थेट त्या रेघेवर येणार होती.

रत्नपाल धावला. अनवाणी, रिकामा कलश हातात, दोन्ही हात पसरून तो ट्रकच्या आडवा उभा राहिला. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढले आणि काय वाटेल ते बोलला.

"नाही! इथे नाही!" रत्नपाल मराठीतच ओरडत होता. "बाबा आहेत इथे! त्यांच्या अंगावरून जाईल हा!"

भन्ते दंताळे टेकत आले. त्यांनी रत्नपालचे पसरलेले हात एकेक करून खाली घेतले, त्याचे मनगट धरले आणि त्याला हळूच गवतात ओढले. मग ट्रकवाल्याला हाताने पुढे यायची खूण केली.

"येऊ दे त्याले," ते म्हणाले. "याच्याचसाठी तर लहानू मागं सरकत गेला."